एवढी वर्षे गप्प का होता?

"एवढी वर्षे गप्प का होता?" हा प्रश्न विचारायला काही लागत नाही. पुस्तक वाचावे लागत नाही, विचार करावा लागत नाही, खुर्चीतून उठावेसुद्धा लागत नाही. तरीही विचारणाऱ्याला वाटते की आपण फार मार्मिक बोललो. गेल्या महिन्यात हा प्रश्न मला माझ्याच नात्यातल्या तिघांनी विचारला. मला म्हणजे एका पुस्तकाच्या लेखकाविषयी. तिघांपैकी एकानेही ते पुस्तक उघडलेले नाही. तेव्हा मंडळी, आज जरा सविस्तर भांडायचे ठरवले आहे. नातेवाईक हे वाचतात हे ठाऊक असूनच लिहितो आहे.

पुस्तकाचे नाव 'प्लेइंग विथ फायर'. लेखक थिओ फ्लुरी, कॅनडाचा निवृत्त हॉकीपटू. शब्दांकन कर्स्टी मॅक्लेलन डे यांचे. २००९ साली ते प्रसिद्ध झाले आणि तिकडे धडाक्याने खपले. माझी भाची कॅल्गरीत राहते, तिच्या कपाटातली प्रत तिने मला आणून दिली. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला माणूस. शब्दकोश शेजारी ठेवून वाचायला तीन आठवडे लागले. त्यातल्या बऱ्याच शब्दांना माझ्या शब्दकोशात जागाच नाही, कारण त्या शिव्या आहेत. :-)

ही हॉकी आपल्या ध्यानचंदांची नव्हे. बर्फावर, पायात पात्याचे बूट घालून खेळायची हॉकी. चेंडूऐवजी रबराची चपटी चकती असते आणि अंगावर धडक देणे हा नियमात बसणारा खेळ असतो. तिथे धिप्पाड माणसांचीच चलती. फ्लुरी मात्र जेमतेम साडेपाच फूट उंच. १९८७ मध्ये कॅल्गरी फ्लेम्सने त्याला निवडले ते आठव्या फेरीत, १६६ व्या क्रमांकावर, म्हणजे जवळजवळ उपकार केल्यासारखे. त्याच फ्लुरीने १९८९ मध्ये त्या संघातून स्टॅन्ले कप जिंकला. अमेरिका-कॅनडाच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये तो १०८४ सामने खेळला आणि त्याने ४५५ गोल केले. २००२ मध्ये कॅनडाने तब्बल पन्नास वर्षांनी पुरुषांच्या हॉकीत ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले, त्या संघातही तो होता.

एवढेच लिहिले असते तर कोणी काही म्हटले नसते. शाळेच्या वाचनालयात ठेवायला छान, मुलांना बक्षीस द्यायला छान. "उंची कमी असूनही जिद्दीने..." वगैरे आपण निबंधात लिहिलेच असते.

पण फ्लुरीने सगळे लिहिले. वडील दारूत बुडालेले, आई औषधांच्या गुंगीत. घरात कोणाचे लक्ष नाही. मुलाला एकच गोष्ट येते, ती म्हणजे बर्फावर वाऱ्यासारखे पळणे. ग्रॅहम जेम्स नावाच्या प्रशिक्षकाने त्याला हेरले, त्याच्या घरच्यांना मोठी स्वप्ने दाखवली. मुलगा चौदाच्या आसपास असताना घर सोडून विनिपेगला गेला. तिकडची पद्धतच अशी आहे. होतकरू मुले कोवळ्या वयात गाव सोडतात, परगावी एखाद्या अनोळखी कुटुंबात राहतात, तिथल्या शाळेत जातात आणि कनिष्ठ संघातून खेळतात. कोणाला बर्फावर किती मिनिटे उतरवायचे, कोणाचे नाव वरच्या संघांच्या कानावर घालायचे, हे प्रशिक्षक ठरवतो. आईबाप शेकडो मैलांवर. जेम्सने नियम केला की अभ्यासासाठी मुलाने आठवड्यातल्या काही रात्री त्याच्या घरी झोपायला यायचे. पुढे काय झाले ते मी इथे लिहीत नाही. लैंगिक अत्याचार झाला, पुन्हा पुन्हा झाला, बराच काळ झाला, एवढे पुरे.

त्यानंतरचे आयुष्य म्हणजे मैदानावर टाळ्या आणि मैदानाबाहेर दारू, कोकेन, जुगार. कोट्यवधी डॉलर मिळवले आणि उधळले. लीगने व्यसनापायी निलंबित केले. एका टप्प्यावर बंदुकीची नळी तोंडात धरून बसण्यापर्यंत मजल गेली. २००५ मध्ये तो व्यसनातून बाहेर आला आणि चार वर्षांनी हे पुस्तक आले.

आता आक्षेपांकडे वळू. एकेक घेतो.

पहिला अर्थातच, "एवढी वर्षे गप्प का होता?" चौदा वर्षांच्या मुलाने कोणाला सांगायचे होते, हे मला आधी कोणीतरी सांगा. शुद्धीवर नसलेल्या बापाला? ज्या घरी पाहुणा म्हणून राहतो त्या कुटुंबाला? संघातल्या मुलांना, जिथे रडणाऱ्याला बायकी म्हणून हिणवतात? आणि सांगायचे कोणाविरुद्ध? ज्याच्या एका शब्दावर आपले सारे भवितव्य टांगलेले आहे त्याच्याविरुद्ध. हा जेम्स समाजात गुंड म्हणून प्रसिद्ध नव्हता. १९८९ मध्ये 'द हॉकी न्यूज' या तिथल्या वजनदार साप्ताहिकाने त्याला वर्षाचा मानकरी म्हणून गौरवले होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि दाबणारा हात एकट्या प्रशिक्षकाचा नव्हता.

कॅनडातल्या टीकाकारांनी यापेक्षा अवघड प्रश्न विचारला होता आणि तो मी टाळणार नाही. शेल्डन केनेडी हा फ्लुरीचा समकालीन खेळाडू, त्याच जेम्सच्या हाताखाली पिळून निघालेला. १९९६ मध्ये तो पोलिसांकडे गेला. जानेवारी १९९७ मध्ये जेम्सने गुन्हा कबूल केला आणि त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. त्या वेळीही फ्लुरी गप्पच राहिला. त्याहून विचित्र म्हणजे त्याच्या दोनच वर्षे आधी, १९९४ मध्ये, कॅल्गरीत हिटमेन नावाचा कनिष्ठ संघ उभा राहिला, त्याची सूत्रे जेम्सकडे होती आणि पैसे घालणाऱ्यांत फ्लुरी होता! म्हणजे ज्याने आयुष्याचे वाटोळे केले त्याच्याशीच भागीदारी.

लोक म्हणाले, बघा, खरे असते तर असे केले असते का?

मी छत्तीस वर्षे मुलांना शिकवले. माझे उत्तर असे आहे की खरे असते म्हणूनच असे घडते. रोज मार खाणारे पोर बापाच्याच मागे मागे फिरते, हे प्रत्येक शिक्षकाने पाहिलेले असते. ज्याने दुखावले, त्याच्याच शाबासकीची भूक राहते. शिवाय वीस वर्षे "काही झालेच नाही" असे स्वतःला पटवून जगणारा माणूस "काही झालेच नाही" असेच वागणार. वेगळे वागला तर आतली भिंत कोसळेल. आपण मात्र त्याच्याकडून अशी अपेक्षा करतो की जखमी माणसाने एखाद्या वकिलासारखे सुसंगत वागावे.

दुसरा आक्षेप, "पुस्तक खपवण्यासाठी लिहिले." बरे, लिहिले. मग? पोटासाठी लिहिणारे सगळे खोटे असतील तर आपल्या कपाटातली निम्मी पुस्तके रद्दीत घालावी लागतील. पण पुढे काय घडले तेही पाहा. जानेवारी २०१० मध्ये फ्लुरीने विनिपेगच्या पोलिसांकडे रीतसर तक्रार दिली. पुस्तक तोवर खपले होते. तक्रारीत पैसा नव्हता, उलटतपासणीची टांगती तलवार मात्र होती. कॅनडात अशा गंभीर गुन्ह्यांना मुदतीची अट नाही, म्हणून पाव शतकानंतरही खटला उभा राहू शकला. डिसेंबर २०११ मध्ये जेम्सने फ्लुरी आणि फ्लुरीचा नात्यातला भाऊ टॉड होल्ट या दोघांवरील अत्याचारांची कबुली दिली. आरोपीने स्वतः कबुली दिली, हे कृपया दोनदा वाचा. ज्याचे त्याने मान्य केले, ते आपण मात्र इथे बसून मान्य करायला तयार नाही!

मार्च २०१२ मध्ये शिक्षा झाली फक्त दोन वर्षे. देशभर संताप झाला, सरकारी पक्षाने अपील केले आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये मॅनिटोबाच्या अपील न्यायालयाने ती पाच वर्षांवर नेली. २०१५ मध्ये आणखी एका खेळाडूच्या प्रकरणात आणखी दोन वर्षांची भर पडली.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट उजेडात आली. पहिली शिक्षा भोगून सुटलेल्या या जेम्सला २००७ मध्ये सरकारी मंडळाने माफी देऊन त्याची गुन्हेगारी नोंद बाजूला ठेवली होती. त्या अर्जाची फी तेव्हा पन्नास डॉलर होती. एप्रिल २०१० मध्ये हे बाहेर आले तेव्हा सारा देश हादरला. जूनमध्ये संसदेने घाईघाईने कायदा कडक केला आणि २०१२ मध्ये मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांसाठी असा मार्ग जवळपास बंदच केला. एकट्या फ्लुरीमुळे हे झाले असे मी म्हणणार नाही, केनेडीने बरीच वर्षे आधी वाट पाडली होती. पण "आता कशाला उकरायचे?" म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. ज्या नोंदी पुसल्या जात होत्या त्या उकरल्या म्हणून राहिल्या.

तिसरा आक्षेप पुस्तकाच्या भाषेचा. भडक आहे, शिवराळ आहे, शब्दांकन दुसऱ्याचे आहे. भाषेचा मास्तर म्हणून मला इथे बोलायचा अधिकार आहे असे मी समजतो. भाषा शिवराळ आहे हे खरे. खेळाडूंच्या खोलीतले बोलणे जसेच्या तसे कागदावर आले आहे. पण सारे आवरून-सावरून, कपाळाला गंध लावून सांगितले असते तर आपण म्हणालो असतो, "किती शांतपणे सांगतोय, म्हणजे एवढे काही झाले नसावे." पुस्तकाचा दोष मला दुसरीकडेच दिसतो. पार्ट्या, मारामाऱ्या, जुगाराचे किस्से इतके लांबले आहेत की मूळ घाव मधूनमधून झाकला जातो. वाचकाला चघळायला ते किस्से मिळतात आणि तो तेवढेच घेऊन जातो. दोष म्हणायचा तर तो हा. पण त्यात लेखकाइतकाच वाचकाचाही वाटा आहे.

चौथा आक्षेप अलीकडचा आहे आणि तो भाचीच्या घरातूनच आला. करोनाच्या काळात फ्लुरीने लसीकरणाच्या सक्तीविरुद्ध टोकाची मते मांडली, २०२२ मध्ये ओटावातल्या ट्रकचालकांच्या आंदोलनाची बाजू घेतली. "अशा माणसाचे काय खरे मानायचे?" त्याची ती मते मला अजिबात पटत नाहीत. पण शेजाऱ्याची राजकीय मते चुकीची आहेत म्हणून त्याच्या घरी चोरी झालीच नव्हती असे आपण म्हणतो का? ज्याच्यावर अत्याचार झाला तो पुढे साधुसंत व्हायला हवा, नाहीतर अत्याचार रद्द, असा काही नियम आहे काय?

आता या सगळ्यात जी गोष्ट मला खरोखर बोचते तिच्याकडे येतो. फ्लुरीची हकीकत ऐकली गेली कारण तो फ्लुरी होता. त्याच खटल्यात ग्रेग गिल्हूली नावाचा तिसरा तक्रारदार होता. तो शिकला, प्रिन्स्टनला गेला, वकील झाला. जेम्सने इतर दोघांबाबत कबुली दिली तेव्हा गिल्हूलीच्या तक्रारीवरचे आरोप पुढे चालवलेच गेले नाहीत. त्याने २०१८ मध्ये आपले पुस्तक लिहिले आणि त्याला नाव दिले 'आय अ‍ॅम नोबडी', म्हणजे मी कोणीच नाही. फ्लुरीच्या पुस्तकावर कॅल्गरीत रंगमंचावर कृत्रिम बर्फ पसरून नाटक झाले. 'कोणीच नाही' असलेल्यांवर नाटके होत नाहीत. आपण ऐकतो ते पदकवाल्याचे, आणि त्यालाही पहिला प्रश्न हाच विचारतो की उशीर का केलास.

बरे, ज्यांनी उशीर केला नाही त्यांचे काय होते? त्यासाठी कॅनडाला जायला नको. हरियाणात ऑगस्ट १९९० मध्ये रुचिका गिरहोत्रा या चौदा वर्षांच्या टेनिस खेळणाऱ्या मुलीशी राज्य टेनिस संघटनेच्या अध्यक्षाने गैरवर्तन केले. तो वरिष्ठ पोलीस अधिकारीही होता. मैत्रीण साक्षीला उभी राहिली, काही दिवसांतच तक्रार झाली. मग काय झाले? मुलीला शाळेतून काढले. भावावर वाहनचोरीचे गुन्हे दाखल झाले. १९९३ च्या डिसेंबरात त्या मुलीने जीव दिला. प्राथमिक माहिती अहवाल नोंदवला गेला १९९९ मध्ये, आणि निकाल लागला डिसेंबर २००९ मध्ये. सहा महिने कैद, एक हजार रुपये दंड. पुढे कैद अठरा महिने झाली, पण २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवून शिक्षा भोगलेल्या काळापुरतीच ठेवली. तिकडे फ्लुरीचे पुस्तक दुकानांत होते त्याच महिन्यांत इकडे हा निकाल लागला. आता विचारा पुन्हा, गप्प का राहतात म्हणून.

आणि मुलगे? त्यांच्याबाबत तर आपल्याकडे शब्दच नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बालकांच्या छळाचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले, आणि त्यांत निम्म्याहून अधिक मुलगे होते. आपल्या कुटुंबाच्या गटावर एकाने लिहिले, "मुलग्याला काय होतंय?" त्याला मी हा आकडा पाठवला. उत्तर आलेले नाही. २०१२ साली पोक्सो कायदा आला तेव्हा कुठे मुलगा आणि मुलगी या दोघांना त्यात सारखे स्थान मिळाले. अत्याचार झाल्याचे कळूनही पोलिसांना न कळवणे हासुद्धा या कायद्याने गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने तसे केले तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. किती संस्थाचालकांना हे ठाऊक आहे?

माझ्या नोकरीच्या काळातली एक गोष्ट सांगतो, शाळेचे नाव मात्र विचारू नका. खो-खोचा संघ परगावी जायचा तेव्हा मी बैठकीत साधी सूचना मांडली होती, की मुलांच्या मुक्कामाला नेहमी दोन शिक्षक असावेत आणि कोणत्याही शिक्षकाने एकट्या विद्यार्थ्याला शिकवणीसाठी घरी बोलावू नये. कोणावर आरोप नव्हता, नाव नव्हते. समितीतले एक वजनदार गृहस्थ उसळून म्हणाले, "हा समस्त गुरुजनांचा अपमान आहे." सूचना इतिवृत्तातसुद्धा आली नाही. मी ती पुढच्या दोन वर्षी पुन्हा मांडली, दोन्ही वेळा तेच झाले. जेम्सला नेमका असाच समाज हवा असतो. गुरूचा मान राखायचा म्हणून खोलीचे दार बंद ठेवणारा.

आपल्या मराठी वाचकांची सवयही याला पूरक आहे. १९९० मध्ये 'आहे मनोहर तरी' आले तेव्हा शिक्षकांच्या खोलीत किती दिवस तेच चालले होते! सुनीताबाईंनी काय लिहिले यापेक्षा, त्यांनी लिहावे की नाही यावरच वाद. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही आपली खरी साहित्यदृष्टी. मुठीत आपले बोट चिरडलेले असेल तरी ती झाकलेलीच बरी.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. असे आत्मचरित्र हाती आले की लेखकाला प्रश्न विचारायचे आधी बंद करा. प्रश्न त्याच्या आजूबाजूच्यांना विचारा. मुलगा रात्री प्रशिक्षकाच्या घरी का झोपतो, हे त्या गावात कोणीच का विचारले नाही? केनेडीने १९९६ मध्ये तोंड उघडल्यावर "अजून कोण कोण?" याचा कसून शोध का झाला नाही? एकदा शिक्षा झालेला माणूस पुढे स्पेनमध्ये जाऊन पुन्हा हॉकी कसा शिकवू शकला? हे प्रश्न अवघड आहेत, कारण त्यांची उत्तरे आपल्यासारख्या सभ्य, भल्या माणसांना द्यावी लागतात.

फ्लुरी पुढे मे २०१३ मध्ये टोरँटोहून ओटावापर्यंत चालत गेला, बालपणी असे सोसलेल्यांच्या वतीने. केनेडीने खेळाडू मुलांच्या सुरक्षिततेसाठी प्रशिक्षकांना शिकवणारी संस्था काढली. दोघांनी आपापल्या परीने करायचे ते केले.

आपल्याला एवढे करायचे नाही. आपल्या घरातली नातवंडे पोहण्याच्या, क्रिकेटच्या, कुस्तीच्या, नृत्याच्या वर्गांना जातात. काही क्रीडा प्रबोधिनीत राहतात, काही कोचिंगच्या वसतिगृहात. त्यांतले एखादे पोर आज आपल्या गटावरच्या गप्पा मोठ्यांच्या खांद्यावरून वाचत असेल. "एवढी वर्षे गप्प का होता", "पैशासाठी करतात", "मुलग्याला काय होतंय", हे सगळे ते वाचते आहे आणि या घरात सांगण्यात अर्थ नाही हे मनात पक्के करते आहे. मग वीस वर्षांनी ते बोलले की आपण पुन्हा विचारायला मोकळे.

असो. मतभेद असतील तर जरूर लिहा, मी उत्तर देईन. फक्त पुस्तक वाचून लिहा. प्रत माझ्याकडे आहे, मागेल त्याला देईन, आणि शिव्यांचे अर्थ आता मला ठाऊक झाले आहेत.